साचाखात्यातली हवा आणि म्युझियमचं कोठार

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात २०,००० च्या वर वस्तू आहेत आणि त्यांतल्या मांडलेल्या आहेत सुमारे २,५००. दिवे, अडकित्ते, कुलपं, वाद्यं, कोरीव दारं बघून आपण बाहेर पडतो, तेव्हा पाहिलं त्याच्या सात पट पाहायचं राहिलेलं असतं. हे एकट्या केळकर संग्रहालयाचं नाही. जगातल्या मोठ्या संग्रहालयांत दालनापर्यंत पोचणाऱ्या वस्तू मूठभरच. बाकी सगळं कोठारात. आणि तिथली परिस्थिती बरी नाही. सांस्कृतिक वारशाच्या जतनासाठी काम करणाऱ्या रोमच्या आयक्रॉम या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०११ मध्ये देशोदेशींच्या संग्रहालयांची पाहणी केली, तेव्हा कोठारांत ठेवलेल्या संग्रहांपैकी सुमारे ६० टक्के धोक्यात असल्याचं दिसलं.

कोठाराला जागा लागते, शहरात जागा महाग असते, आणि शहराच्या पोटात बंद पडलेले कारखाने असतात. त्यामुळे विचार आपोआप तिकडे वळतो. मुंबईत तर हा विचार सुचायला परळ-लालबागची एक फेरी पुरते.

या विचारावर दोघं जण इथे बोलत आहेत. मामा म्हणजे गिरणीत हवेचा प्लांट सांभाळण्यात उमेदीची वर्षं गेलेला निवृत्त फिटर. भाची वस्तुसंरक्षक आहे. जुनं कापड आणि कागद टिकवणं हे तिचं काम. दोघंही कल्पित आहेत, पण त्यांचा वाद मला खरा वाटतो आणि तो नीट व्हायला हवा असंही वाटतं, म्हणून तो मांडतो आहे.

मामा : तुम्हाला जागा हवी आणि आमच्या उरल्यासुरल्या शेड रिकाम्या. मग अडलंय कुठे? उंची भरपूर, ट्रक थेट आत येतो, भिंती दोन-दोन फुटांच्या. सूत कातायच्या त्रासन खात्यात वरच्या मजल्यावर मशिनं तिन्ही पाळ्यांत धडधडायची, तरी मजला खचला नाही. तुमच्या मूर्ती त्याहून जड आहेत का?

भाची : मूर्तींची मला काळजीच नाही, मामा. मूर्ती आणा, तोफा आणा, वीरगळ आणा. रोममध्ये नेमकं तेच केलंय. ऑस्तिएन्से रस्त्यावर मोन्तेमार्तिनी नावाचं वीजघर आहे, १९१२ साली सुरू झालेलं, रोम महापालिकेच्या मालकीचं पहिलं. १९६३ मध्ये ते बंद पडलं. पुढे नव्वदच्या दशकात कॅपिटोलाइन संग्रहालयाच्या काही दालनांची दुरुस्ती निघाली. तिथले पुतळे ठेवायचे कुठे? तर या वीजघरात. १९९७ मध्ये त्यांचं एक प्रदर्शन भरवलं, नाव दिलं 'यंत्रं आणि देव'. ते तात्पुरतं होतं. लोकांना इतकं आवडलं की पुतळे तिथेच राहिले आणि २००५ पासून ते कायमचं संग्रहालय झालं. काळ्या डिझेल इंजिनांसमोर पांढरे संगमरवरी देव उभे आहेत. बॉयलरच्या दालनात जमिनीवर शिकारीच्या दृश्यांचं मोझेक अंथरलंय.

मामा : मग मी वेगळं काय म्हणतोय? इंजिनं काढली नाहीत ना त्यांनी?

भाची : नाही काढली. म्हणूनच ती जागा इतकी देखणी आहे. पण तिथे काय ठेवलंय ते बघा. संगमरवर. दगडाला उन्हाळा-पावसाळ्याचा फरक फारसा बाधत नाही, किडा लागत नाही, दिव्याच्या उजेडाने रंग उडत नाही. शेकडो वर्षं मातीत राहून वर आलेली ती माणसं आहेत. माझ्या कोठारात पैठण्या आहेत, पोथ्या आहेत, गंजिफा आहेत, चामड्याच्या बाहुल्या आहेत. त्यांना मोन्तेमार्तिनीत एक पावसाळा काढायला लावलात, तर पुढच्या वर्षी मला बुरशी झटकत बसावं लागेल. आणि रोमचा पाऊस म्हणजे मुंबईचा पाऊस नव्हे.

इथे एक गोष्ट वाचकांसाठी स्पष्ट करतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. हवेत मावू शकणाऱ्या बाष्पापैकी किती टक्के बाष्प प्रत्यक्ष आहे, त्याला सापेक्ष आर्द्रता म्हणतात. ती ६५-७० टक्क्यांच्या वर काही दिवस टिकली की कागदावर, कापडावर, चामड्यावर बुरशी धरते. खूप खाली गेली की लाकूड आकसतं, चिरतं, रंगाचे पापुद्रे सुटतात. संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटना सर्वसाधारण वस्तूंसाठी ४० ते ६० टक्क्यांची मर्यादा सांगतात, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे चढउतार सावकाश व्हावा असं सांगतात. जुलैतल्या मुंबईत हा आकडा ८० च्या वर असतो.

मामा : आता तू माझ्या खात्यात आलीस. साचाखात्यात, म्हणजे जिथे साचे, विणायचे माग चालायचे तिथे, आम्ही हवेत पाणी मारायचो, ठाऊक आहे का? सुती ताणा कोरडा पडला की तटातट तुटतो. म्हणून भिंतीवर पाऱ्याच्या दोन नळ्यांची जोडी असायची, एक ओली, एक कोरडी. दोघींतला फरक बघून ठरवायचं, फवारा वाढवायचा की कमी करायचा. ऐंशी-पंच्याऐंशी टक्के राखायचो आम्ही. एप्रिल असो की डिसेंबर.

भाची : तेच तर माझं म्हणणं आहे! ती इमारत ओल धरायला बांधली. मला हवी तिच्या बरोबर उलट इमारत.

मामा : इमारतीने काही धरलं नाही गं. आम्ही धरलं. प्लांट एक तास बंद पडला तर साचे तुटके धागे ओकायला लागायचे, जॉबर, म्हणजे मुकादम, वरून ओरडत यायचा. इमारत म्हणजे नुसती भिंत आणि छप्पर. आतली हवा तयार करावी लागते, रोज, प्रत्येक पाळीत. आम्ही पंच्याऐंशीची केली, तुम्ही पन्नासची करा. फवाऱ्याच्या जागी बाष्प काढणारं मशीन बसवा. विद्या एकच आहे.

भाची : विद्या एक असेल, पण भांडं वेगळं आहे, मामा. साचाखात्याचं छप्पर करवतीच्या दातांसारखं. प्रत्येक दाताला उत्तरेकडे काच, म्हणजे ऊन न येता उजेड यावा. विणकराला तो उजेड लागायचा. मला तो नकोच. जुन्या रेशमाला उजेड म्हणजे विष. एकदा उडालेला रंग परत आणायची कला जगात कुणाकडे नाही. आणि दोन दातांमधल्या त्या पन्हळी! तिथे पान अडकलं की पाणी तुंबतं आणि आत उतरतं. एवढे सगळे सांधे असलेलं छप्पर हवाबंद कसं करायचं? ते झाल्याशिवाय बाष्प काढणारं मशीन लावणं म्हणजे अख्ख्या मुंबईचा पाऊस सुकवायला घेणं.

मामा : पन्हळीचं म्हणतेस ते खरं आहे. मे महिन्यात पन्हळी साफ करायला माणसं वर चढवायचो आम्ही. डांबर लावायचो. एक वर्ष राहिलं की समजायचं.

भाची : आणि छपरावर पत्रे कसले?

मामा : बऱ्याच ठिकाणी ॲस्बेस्टॉसचे.

भाची : तुटला पत्रा की त्याची धूळ माणसाच्या छातीत आणि वस्तूच्या विणीत. ते काढायला वेगळी माणसं, वेगळे पोशाख, वेगळी परवानगी. जमिनीत वर्षानुवर्षांचं वंगण मुरलेलं. त्याची वाफ हळूहळू येत राहते. लोखंडी तुळया खाऱ्या हवेने आतून किती खाल्ल्यात, ते ठोकून बघितल्याशिवाय कळत नाही. मजल्याचं तुम्ही म्हणालात. मशिनचं वजन ठरलेल्या जागी ठरलेल्या पायांवर यायचं. आम्ही जागा वाचवायला रुळांवर सरकणारी कपाटं लावतो, एकमेकांना चिकटून. चौरस मीटरला हजार किलोच्या आसपास भार येतो, तोही एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. शंभर वर्षांच्या मजल्यावर हा हिशेब नव्याने करावा लागतो.

मामा : मग करा ना हिशेब! कोण नको म्हणतंय? तू बोलतेस ते सगळे दुरुस्तीचे मुद्दे आहेत. दुरुस्ती होते. पाडलेली गिरणी परत होत नाही.

मामांचा आवाज इथे चढणारच. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी ताडदेवला पहिल्या गिरणीचा घाट घातला, तिथून पुढे सव्वाशे वर्षं या शहराचा दिवस गिरण्यांच्या भोंग्यावर सुरू झाला. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि बहुतेकांना परत आत जाता आलं नाही. १९९१ च्या विकास नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले : एक मोकळ्या जागेसाठी शहराला, एक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने हे वाटे फक्त रिकाम्या जमिनीचे करायचे ठरलं. ज्या जमिनीवर शेड उभ्या होत्या ती हिशेबाबाहेर गेली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम केली. शहराला मिळू शकणारी जमीन किती आटली, ते लोअर परळच्या पुलावर उभं राहून दिसतं.

मामा : तुला सांगतो, शेड नुसती वारसा यादीत टाकून वाचत नाही. यादीतली इमारतसुद्धा छप्पर काढून ठेवली की चार पावसाळ्यांत आपोआप पडते. तिला वापर लागतो. दुकानं आली तर शेडच्या आत मॉल होतो, दारू आली तर गच्चीवर हॉटेल होतं. आम्ही जिथे राबलो तिथे आम्हालाच आत जाता येत नाही. म्युझियमचं कोठार आलं तर निदान ती सार्वजनिक राहील. एवढं तरी पदरात पडू दे.

भाची : मला ते कळतं, मामा. मनापासून कळतं. पण एक इमारत वाचवायची म्हणून तिच्यात असा संग्रह नेऊन ठेवायचा, जो एकदा गेला की संपला, हे मला मान्य नाही. दोन गोष्टी वाचवायच्या असतील तर दोन्हींचा खर्च द्यावा लागतो. इथे होतं असं की इमारतीला वापर मिळाला म्हणून एक खातं खूश, म्युझियमला फुकट जागा मिळाली म्हणून दुसरं खूश, आणि छपराच्या पन्हळीसाठी पैसे कुणाच्याच अंदाजपत्रकात नाहीत. कोठाराला नेहमी तीच जागा मिळते जी दुसऱ्या कुणाला नको असते. जिन्याखालची खोली, तळघर, गळणारी गच्चीची खोली. आता त्यात बंद गिरणी. या सवयीशी माझं भांडण आहे.

भाचीचं हे बोलणं मला या संपूर्ण वादातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे दालनाचं उद्घाटन होतं, कोठाराचं होत नाही. त्यामुळे कोठारावर झालेला खर्च कुणाला दिसत नाही आणि न झालेला खर्चही दिसत नाही, तो दिसतो वीस वर्षांनी, एखाद्या संशोधकाने एखादं चित्र मागितल्यावर.

मामा : बाहेर कुठे कुणी हे धड केलंच नाही का?

भाची : केलंय. लंडनला व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने ३१ मे २०२५ ला नवं कोठार उघडलं, आणि लोकांसाठीच उघडलं. २०१२ च्या ऑलिम्पिकसाठी बांधलेलं प्रसारण केंद्र होतं, खेळ संपल्यावर ती इमारत उरली. तिच्यात अडीच लाख वस्तू, साडेतीन लाख पुस्तकं आणि हजारभर व्यक्ती-संस्थांचे कागद हलवले. आधी नोंदवून ठेवलं की कुणीही जाऊन हवी ती वस्तू टेबलावर मागवून बघू शकतो. आग्ऱ्याच्या किल्ल्यातल्या हमामाची शाहजहानच्या काळातली स्तंभावली तिथे उभी केली आहे. आपल्याकडून गेलेली इतकी मोठी वस्तू कित्येक दशकं कुणाच्या नजरेला पडली नव्हती.

मामा : म्हणजे वापरलेली इमारत, आणि चाललंय.

भाची : चाललंय, कारण ती इमारत तेव्हा काही वर्षांचीच होती. आतून पोकळ, मोठी, नव्या नियमांनी बांधलेली. आणि तिच्या आत त्यांनी सगळं नव्याने उभारलं. त्याच लंडनची दुसरी गोष्ट ऐका. २४ मे २००४. लेटनमधल्या एका औद्योगिक वसाहतीत मोमार्ट कंपनीचं कलावस्तूंचं गोदाम होतं. शेजारच्या गाळ्यात चोर शिरले, तिथे आग लागली आणि ती पसरत या गाळ्यात आली. साची या कलासंग्राहकाच्या संग्रहातली शंभराहून अधिक कामं गेली. ट्रेसी एमिनचा तंबू गेला, चॅपमन बंधूंचं 'हेल' गेलं, पॅट्रिक हेरनची कितीतरी चित्रं गेली. आग गोदामात लागलीच नव्हती. शेजार नडला. गिरणीच्या आवारात माझा शेजार कोण असेल? २९ डिसेंबर २०१७ ला कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या हॉटेलात आग लागली, १४ माणसं गेली. माणसं गेली तिथे मी वस्तूंचं काय बोलू? पण कोठाराची जागा ठरवताना भिंतीपलीकडे काय चालतं हे मला विचारावंच लागतं.

मामा : आगीचं आम्हाला शिकवू नकोस. कापूस होता आमच्याकडे. हवेत तंतू उडायचे, एक ठिणगी पुरायची. म्हणून छताला पाण्याच्या नळ्या, वर टाकी, आवारात तळं. तळ्याचं पाणी कशाला असतं वाटतं तुला? शोभेला? गिरण्या गेल्या आणि नव्या लोकांनी पहिल्यांदा तळी बुजवली. जिथे गिरणीची शिस्त होती तिथे आग आवरायची. आवार राहिलं, शिस्त गेली, म्हणून माणसं मेली.

भाची : आणि मी छतातल्या त्या नळ्या काढायला सांगणार नाही. पुष्कळांना वाटतं कागदावर पाणी नको. पण भिजलेला कागद गोठवून, सावकाश सुकवून वाचवता येतो. जळालेला नाही. दिल्लीला २०१६ च्या एप्रिलमध्ये निसर्ग-इतिहासाचं राष्ट्रीय संग्रहालय जळालं. तेही मंडी हाउसजवळ दुसऱ्याच्या इमारतीत होतं, संग्रहालयासाठी बांधलेल्या घरात नव्हतं.

मामा : मग तुझं उत्तर काय? नवंच बांधायचं?

भाची : पैसे असतील तर हो. पॅरिसचं लुव्र सीन नदीच्या काठी आहे. २०१६ मध्ये नदी चढली तेव्हा तळघरांतून हजारो वस्तू घाईघाईने वर काढाव्या लागल्या. त्यांनी शेवटी पॅरिस सोडून उत्तरेला लिएव्हँ इथे कोठार बांधलं, २०१९ मध्ये उघडलं. अडीच लाख वस्तूंची सोय. तोही जुन्या कोळसाखाणींचा मुलूख आहे. उद्योग गेलेल्या गावाला त्यांनी काम दिलं, पण कोठार मात्र कोऱ्या आराखड्याने बांधलं, जमिनीत अर्धं गाडून, वर माती आणि गवत घालून. बाहेरचा उन्हाळा आत पोचायला वेळ लागतो. डेन्मार्कमध्ये तर काही कोठारांत गरम-थंड करायची यंत्रंच नाहीत. भिंती जाड आणि हवाबंद, थोडं बाष्प काढलं की झालं. वर्षभर तापमान हळूहळू सरकतं, वस्तूला ते चालतं.

मामा : आपल्याकडे तसं चालेल?

भाची : जसंच्या तसं नाही. जूनपासून चार महिने बाष्प काढावंच लागेल. पण जाड भिंत आणि सावकाश बदल, हे तत्त्व इथेही चालतं. आपल्याकडे उलटंच करतात. एसी लावतात आणि संध्याकाळी सहाला ऑफिस सुटलं की बंद करतात.

मामा : बंद?

भाची : वीजबिलासाठी. रात्री ओली हवा आत येते, थंड झालेल्या वस्तूंवर दव धरतं. सकाळी पुन्हा एसी. रोज एक पावसाळा, रोज एक हिवाळा. त्यापेक्षा एसी मुळीच नसलेला, चांगल्या लाकडी कपाटांचा जुना वाडा बरा. पोथी रुमालात घट्ट बांधून लाकडी पेटीत ठेवायची रीत वेड्यांची नव्हती. प्रत्येक थर बाहेरचा बदल थोडा थोडा अडवायचा.

मामा : बघ, तूच आता माझ्या बाजूने बोललीस. थरात थर. मग शेडच्या आत दुसरं घर बांधा. बाहेरची शेड छत्री म्हणून राहू दे. तिची पन्हळ गळली तरी पाणी आतल्या घराच्या छपरावर पडेल, आणि मधल्या मोकळ्या जागेत माणूस उभा राहून बघू शकेल की कुठे गळतंय. काच तशीच राहू दे. उजेड मधल्या जागेत येईल, कोठारात नाही. तुझं मशीन फक्त आतल्या घराची हवा सुकवेल, मुंबईची नव्हे. त्रासन खात्यात आम्ही कार्डिंगची धूळ अशीच आडभिंत घालून अडवायचो.

भाची : हे मान्य आहे मला. खरं म्हणजे जुन्या कारखान्यात कोठार करायचं असेल तर हा एकच मार्ग मला पटतो. पण मग ते स्वस्त राहत नाही. आतलं घर बांधायला जवळपास नव्या इमारतीइतका खर्च येतो, वर बाहेरच्या शेडची डागडुजी कायमची गळ्यात. हे सांगून पैसे मागायची तयारी हवी. 'जागा फुकट आहे' असं सांगून सुरुवात केली की शेवटी आतलं घर गाळलं जातं आणि वस्तू थेट शेडमध्ये येतात.

मामा : आणि पुराचं? २६ जुलै २००५ आठवतंय ना?

भाची : सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर. परळजवळच्या हिंदमाता चौकात तर त्याच्या निम्म्यानेही पाणी भरतं. तळमजल्यावर दगड आणि लोखंडी यंत्रं, तीही चौथऱ्यावर. कापड आणि कागद वर. वर न्यायचं तर लिफ्ट हवी, आणि लिफ्ट बंद पडली तर रुंद जिना.

मामा : जिने रुंदच आहेत. पाळी सुटताना हजार माणसं उतरायची.

हे दोघं आता एकमेकांच्या जवळ आले आहेत असं वाटतं, पण खरा फरक अजून बाकी आहे. मामांना वाटतं प्रश्न इमारतीचा नाही, सांभाळणाऱ्यांचा आहे. भाचीला सांभाळणाऱ्यांवर विसंबायची भीती वाटते, कारण तिने मंजूर असूनही न भरलेली पदं पाहिली आहेत. माणूस नसतानाही वस्तू बरी राहील अशी इमारत तिला हवी आहे. मला विचाराल तर मी मामांच्या बाजूला झुकतो. माणूस न लागणारं कोठार कुठेच नसतं. तशी इमारत मिळाली की माणूस कमी करायला निमित्त मिळतं, एवढंच.

मामा : तुमच्या कोठारात एखादी वस्तू शोधायला किती वेळ लागतो?

भाची : आयक्रॉमची री-ऑर्ग म्हणून एक पद्धत आहे, लहान संग्रहालयांनी आपलं कोठार आपल्या हाताने लावावं यासाठी केलेली. त्यात अट आहे की प्रत्येक वस्तू तीन मिनिटांत सापडली पाहिजे, आणि ती काढताना दोनहून अधिक वस्तू हलवाव्या लागू नयेत. जमिनीवर थेट काहीही ठेवायचं नाही. प्रत्येक वस्तूला क्रमांक, प्रत्येक फळीला क्रमांक, आणि दोन्ही रजिस्टरात. ऐकायला साधं आहे. पण ज्या ठिकाणी संग्रह नुसता हलवला जातो, तिथे पहिल्यांदा हेच मोडतं. ट्रकमधून उतरताना पेटीवरची चिठ्ठी निघाली की वस्तू असूनही नाहीशी होते.

मामा : बॉबिनलाही नंबर असायचा आमच्याकडे. कापडाच्या ताग्याला विणकराचा नंबर. दोष निघाला तर साच्यापर्यंत माग लागायचा. आता सांग, त्या रजिस्टरांचं काय झालं? गिरण्या बंद झाल्या तेव्हा हजेरीची बुकं, डिझाइनची बुकं, नमुन्याच्या कापडांचे आल्बम रद्दीत गेले. किलोवर. आमची नावं होती त्यांत.

भाची : काही वाचलेत, मामा. आणि खरं सांगू? मला सर्वांत चांगली हवा त्यांनाच द्यायची आहे. शाई पसरणारी, कागद आम्लाने तपकिरी होऊन चुरणारा. तुमचा साचा पाच माणसं लावून पुसला की पन्नास वर्षं उभा राहील. तुमचं हजेरीबुक राहणार नाही. काळाचौकीला इंडिया युनायटेड मिलच्या आवारात महापालिकेने वस्त्रोद्योगाचं संग्रहालय करायचं ठरवलं, तेव्हा सगळे कारंजं आणि दृकश्राव्य खेळ यांबद्दल बोलले. रजिस्टरं कुठे ठेवणार, हे मला तेव्हा विचारायचं होतं आणि आजही विचारायचं आहे. गिरणीत गिरणीचं कोठार व्हावं, याला माझा विरोध कसा असेल? तिथे वस्तू आणि इमारत एकमेकांना अर्थ देतात. शहरातल्या इतर सगळ्या संग्रहालयांनी आपलं ओझं तिथे नेऊन टाकावं, याला माझा विरोध आहे.

मामा : इतरांचंही येऊ दे. दगड येऊ दे, लोखंड येऊ दे, चिनी माती, जुन्या छपाईची यंत्रं. त्यांचे पैसेही येतील, त्यातून राखणदार, फिटर, झाडूवाला यांचे पगार निघतील. एकट्या गिरणीच्या संग्रहासाठी कुणी तीन पाळ्यांत माणूस ठेवणार नाही. दहा संग्रहालयं मिळून ठेवतील.

भाची : दहा संग्रहालयांचं एक कोठार… त्यात एक गोठवण्याची खोली ठेवता येईल. येणारी प्रत्येक लाकडी, कापडी वस्तू आधी वेगळ्या खोलीत, मग उणे वीसवर आठवडाभर किंवा जास्त, कसर आणि वाळवी मारायला. एकट्या संग्रहालयाला ते परवडत नाही. हा मुद्दा तुमचा मी मान्य करते. पण कापड-कागद मी पहिल्या दिवशी आणणार नाही.

मामा : पहिल्या दिवशी काहीच आणू नका. मला विचारशील तर आतलं घर बांधून झालं की ते वर्षभर रिकामं ठेवा. प्लांट चालू, दारं बंद, माणसं तीन पाळ्यांत, आणि दर चार तासांनी आकडा लिहायचा. मे बघा, जुलै बघा, गणपतीनंतरचा तो ऊन-पावसाचा पंधरवडा बघा, तो सगळ्यांत वाईट. रात्री दोनला वीज गेली तर जनरेटर किती मिनिटांत उठतो ते बघा. नवा प्लांट बसवला की आम्हीसुद्धा आधी रिकाम्या खात्यात चालवून बघायचो, साचे नंतर.

भाची : वर्षभर रिकामी इमारत ठेवायला मंजुरी मिळणार नाही, मामा. बांधून झालं की तीन महिन्यांत मंत्री येतात, फीत कापतात. त्या दिवशी कपाटं भरलेली दिसायला हवी असतात.

मामा : मग त्यांना यंत्रं दाखवा. साचा चालवून दाखवा, मी येतो चालवायला. पैठणीची पेटी त्या दिवशी हलवायची नाही. एवढं तुला सांगता येईल का त्यांना?

भाची : लेखी सांगेन. पण वर्षाचे आकडे माझ्या हातात असतील तरच माझं कुणी ऐकेल. ते आकडे लिहायला तुमच्यासारखी किती माणसं उरली आहेत, तेवढं आधी सांगा.

मामा : चाळीत चौघं आहेत. डोळे दोघांचे बरे आहेत. नवी पोरं दे, शिकवतो.